शिवरात्रीचं जहाज

आमच्या आप्पांना दारूचा वास दहा हातांवरून यायचा. खरं तर राग आधी यायचा आणि वास मागाहून. कोल्हापुरातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या ते समोरून जाणारा माणूस प्यायलेला आहे की नाही हे ओळखायचे, आणि असला तर त्याने आपली पायरी चढू नये म्हणून आधीच मोठ्याने खाकरायचे. ते खाकरणं अर्ध्या पेठेला ऐकू जायचं. एरवी माणूस प्रेमळ, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण एकदा डोकं फिरलं की ते भांडत बसायचे नाहीत, सरळ उठायचे आणि चालू लागायचे. लग्नाच्या पंगतीतून, नाटकाच्या दुसऱ्या अंकातून, सख्ख्या मावसभावाच्या वास्तुशांतीतून आप्पा उठून चालू लागलेले मी पाहिले आहेत. आणि दर वेळी त्यांच्यामागून पदर सावरत, यजमानांची नजर चुकवत निघालेली अव्वाही पाहिली आहे.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिकडे आईला अव्वा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचे. आम्ही लिंगायत. आप्पा-अव्वा दोघांच्याही गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, घरात मांस-मच्छी नाही, दारूचं तर नाव नाही. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अव्वा पाण्याचा घोट घ्यायची नाही. त्या वेळात तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मला कधी सांगता आलं नाही. लहानपणी मी शाळेचं दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायचे आणि नुसती बघत बसायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिघं एसटीने गोव्याला गेलो. मी तेव्हा कॉलेजात होते. अव्वाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे. घोट्याएवढ्या पाण्यात, हातात चपला धरून ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "चांगलं हाय." एवढंच. नवी कढई हातात घेऊन बघताना म्हणायची तसं.

संध्याकाळी पणजीला नदीतून फिरवून आणणारी एक बोट होती. तिकिटं आप्पांनीच काढली, हे मुद्दाम सांगायला हवं. आम्ही पुढच्या बाकावर बसलो. बोट अजून सुटायची होती, पण गाणी सुरू झाली होती आणि मागच्या बाकांवरची तरुण टोळी बाटल्या घेऊन नाचायला लागली होती. त्यातल्या एकाने झोक जाऊन आप्पांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "अंकल, डान्स!"

आप्पा उठले. अव्वा उठली. मीही उठले. आम्ही धक्क्यावर उतरून उभे राहिलो आणि पाचच मिनिटांत बोट आमच्याशिवाय निघून गेली. आप्पा तरातरा पुढे चालू लागले होते. अव्वा मात्र वळून बघत उभी होती. नदीच्या वळणाआड ती दिव्यांची माळ दिसेनाशी होईपर्यंत ती हलली नाही. मला आप्पांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत, आंबोलीच्या घाटात आप्पा पुढच्या बाकावर डुलक्या घेत असताना अव्वा आपणहून बोलली. तिच्या माहेरी एक मठ होता. ती सात-आठ वर्षांची असताना तिथले म्हातारे स्वामी प्रवचनात नेहमी बयल, बयल म्हणायचे. कानडीत बयल म्हणजे मोकळी जागा. पण स्वामी ज्या बयलाबद्दल बोलायचे तिथे काहीच नसायचं. झाड नाही, भिंत नाही, आपण नाही आणि देवसुद्धा वेगळा नाही. अव्वाने एकदा धीर करून त्यांना विचारलं, असली जागा दिसायला कशी असते? स्वामी हसले आणि म्हणाले, मी समुद्र बघितलेला नाही, पण ज्यांनी बघितलाय ते सांगतात, मध्यावर गेलं की चारी बाजूंना काठ दिसत नाही. तसं असेल.

"काल बघितलास की समुद्र," मी म्हटलं.

"पायाखाली काठ हुता की," अव्वा म्हणाली. "काठावनं बघितल्यालं ते काय खरं न्हवं. मला आत जाऊन बघायचं हाय. एकदा. तिथं बसून लिंगपूजा करायची हाय."

एकवीस वर्षं मी या बाईच्या हातची भाकरी खात होते. तिने कधी साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, माहेरी दोन दिवस जास्त राहते असंही कधी म्हटलं नाही. आणि मागितलं ते हे.

पुढे मी बँकेत नोकरीला लागले. वर्षं भराभर गेली. अव्वाने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी तो विसरले नाही. दोन हजार सालानंतरची पाच-सात वर्षं उलटली असतील, तेव्हा एका रविवारी पेपरात पानभर जाहिरात आली. मुंबईहून समुद्रात फिरायला नेणारं प्रवासी जहाज. पांढरंशुभ्र, मजल्यांवर मजले, वर पोहायचा तलाव. मी ते पान कापून दुकानात नेलं. अव्वा दुपारी आप्पांचा डबा घेऊन तिथेच आलेली होती. तिने हात पुसून तो कागद हातात घेतला.

"ह्येच्यात बसल्यावर काठ दिसायचा बंद हुतोय?"

"होतो."

ती खाली बसली. अशी एकदम खाली बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

आप्पांनी जाहिरात लांब धरून वाचली, चष्मा काढून परत वाचली आणि म्हणाले, "दारू असणार." मग अव्वाच्या तोंडाकडे बघून थोडे नरमले. "जाऊया की. न्हाय कोण म्हणतंय? पर एक सांगतो. एक जरी प्यालेला माणूस आडवा आला, तर मी त्या जहाजावर मिनिटभर थांबणार न्हाय."

समुद्राच्या मधोमध ते उठून कुठे जाणार होते, हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. पण एवढं मला कळत होतं की ही अव्वाची एकुलती एक संधी आहे. एकदा का आप्पा तिथून विटून आले, की समुद्र हा शब्द पुन्हा आमच्या घरात निघायचा नाही. ती त्यांच्याशिवाय जाणार नाही, आणि ते दुसऱ्यांदा जाणार नाहीत. म्हणून जहाज आणि दिवस अगदी पारखून निवडायला हवे होते.

मी कामाला लागले. राजारामपुरीत एक प्रवास कचेरी होती. तिथला माणूस एरवी काशी-रामेश्वर आणि अष्टविनायक विकायचा. जहाजाची पुस्तिका त्याच्याकडे नुकतीच आलेली. पण माणूस हुशार. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, जहाजावर दारू मिळणारच. तुम्हाला दारू टाळायची हाय का दारू पिऊन दंगा करणारी माणसं टाळायची हायत, ते आधी ठरवा. पहिलं जमायचं न्हाय. दुसरं जमतंय."

मी म्हटलं, दुसरं.

मग त्याने समजावलं. शुक्रवारी निघून रविवारी परत येणारी दोन रात्रींची सफर असते. कुठल्या गावाला न लागता नुसतं समुद्रात जायचं आणि यायचं. तिथे मुंबई-पुण्याची पार्टी करणारी टोळकी येतात, कारण त्यांना बघायचं काही नसतं, दोन दिवस धुडगूस घालायचा असतो. तुम्ही चार रात्रींची घ्या. लक्षद्वीपला जाणारी, सोमवारी सुटणारी. एवढी रजा काढून येणारी माणसं म्हणजे म्हातारी जोडपी आणि पोरंबाळं. गप बसत्यात, लवकर झोपत्यात.

हे सगळं मी डायरीत लिहून घेतलं. शिवाय जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन करून स्वतःचे प्रश्न विचारले. लहान मुलांना खेळायला वेगळी खोली आहे का, म्हणजे पोरंबाळंवाली माणसं येतात का? गाणी कुठल्या मजल्यावर वाजतात? आमची खोली त्याच्या खाली तर येणार नाही ना? नाच नसलेला एखादा कोपरा वरच्या मजल्यावर आहे का? आप्पा शेजारी बसून कानात सांगत होते, "शाकाहारी सैपाकाची भांडी येगळी हायत का इचार." मी विचारलं. पलीकडच्या मुलीने बराच वेळ फोनवर संगीत ऐकवलं आणि मग परत येऊन सांगितलं की हो, वेगळी आहेत. "कशाची हायत? स्टीलची का ॲल्युमिनियमची?" आप्पांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला.

चार रात्रींचं मात्र आप्पांनी उडवून लावलं. "पाच-सहा दिवस दुकान बंद? कोण मेलंय काय?" तीन दिवस, त्याच्या वर एक तासही नाही. अव्वा डबा घासत होती, तो जरा जास्त वेळ घासत राहिली.

म्हणजे उरली ती दोन रात्रींचीच, धुडगूसवाली. मी आठवडाभर डोकं खाजवलं. आणि एक दिवस बँकेत टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघता बघता मला ते सुचलं. त्या वर्षी महाशिवरात्र शुक्रवारी आली होती. शिवरात्रीला कोण पितंय? आमच्या कोल्हापुरात त्या दिवशी अट्टल पिणारासुद्धा शाबुदाण्याची खिचडी खाऊन देवळाच्या रांगेत उभा असतो. आख्खं जहाज उपाशी असणार, गप असणार! शिवाय मार्च जवळ आलेला, परीक्षांचे दिवस, म्हणजे कॉलेजची पोरंही घरात. मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी रोकड जुळवताना गुणगुणत होते.

आप्पांना तर ते शंभर टक्के पटलं. "शिवरात्रीला पिणारा म्हंजे माणूस न्हवं," ते म्हणाले. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवरात्रीचा उपास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राच्या मधोमध पूजा. तिला वाटलं, हे कुणीतरी वरूनच जुळवून आणलंय.

प्रवास कचेरीतला माणूस तेवढा कचरला. "मॅडम, त्या दिवशी सुट्टी असती."

"म्हणूनच तर," मी ऐटीत म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता आठवलं तरी कान तापतात. बँकेत नोकरी करणारी मी, सुट्ट्यांची यादी माझ्या काचेखाली. शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवाराला जोडून आली की मुंबई-पुण्याची माणसं काय करतात हे मला कळायला हवं होतं. पण उपास म्हटला की सगळ्यांचाच उपास, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की जगात कुणाला ती नुसती जोडून आलेली सुट्टी वाटत असेल हे डोक्यात शिरलंच नाही. आज कुणी सल्ला विचारला तर मी सांगते, पंचांग बघू नका. जोडसुट्टी टाळा, शाळेच्या सुट्टीत जा, लांबची सफर घ्या, आणि कुठल्या कंपनीने एकगठ्ठा खोल्या घेतल्यात का ते आधी विचारा.

हा शेवटचा प्रश्न मला बंदरावर पोचल्यावर सुचला.

त्याआधी जहाज दिसलं. रात्रीच्या गाडीने मुंबईला आलो, दुपारी बंदरात शिरलो आणि शेडच्या टोकाशी एक पांढरी भिंत आडवी आली. मी तिच्या बाजूने दार शोधत होते. अव्वाने माझा दंड धरला आणि वर बोट दाखवलं. भिंतीला खिडक्या होत्या, खिडक्यांवर खिडक्या, त्यावर गॅलऱ्या, त्यावर होड्या टांगलेल्या. होड्यांवरही जहाज संपत नव्हतं. आमच्या तिघांच्याही माना मागे गेल्या. आप्पांसारखा माणूस, ज्याला आयुष्यात कशाचं अप्रूप नाही, तो तोंड उघडं टाकून उभा होता. "ह्ये तरंगतंय कसं?" ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

आणि तेवढ्यात मागून शिट्ट्या आल्या. तीन बस भरून माणसं उतरली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे शर्ट, डोक्याला टोप्या. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीने जास्त पंप खपवणाऱ्या दुकानदारांना बक्षीस म्हणून ही सफर दिली होती. बायकापोरं कुणाचीच बरोबर नव्हती. काहींचा कार्यक्रम बसमध्येच सुरू झालेला दिसत होता. बाकी रांगेत मुंबईची तरुण पोरं-पोरी, काळे चष्मे, मोठमोठ्याने हसणं.

निळ्या शर्टांतला एक जण आप्पांकडे बघत बघत जवळ आला. "अगा, भांडीवालं आप्पा न्हवं का तुमी? मी गारगोटीचा! माझ्या भनीच्या लग्नाची भांडी तुमच्याकडनंच नेलती की!" त्याच्या तोंडाला वास होता. आप्पा दगडासारखे उभे. शिवरात्रीच्या दिवशी, भर दुपारी, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातला.

माझ्या सगळ्या हिशेबाचं काय झालं ते तिथेच दिसत होतं. तरी आम्ही चढलो. अव्वा आधीच पुढे गेली होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास जहाज हललं. हललं म्हणजे आम्ही हललोच नाही, मुंबई हळूहळू मागे सरकायला लागली. आवाज नाही, धक्का नाही. मी कठड्याला धरून बघत होते आणि अंगावर काटा आला होता. आमच्या मागे मात्र तलावाभोवती गाण्यांचा दणदणाट सुरू झाला. निळे शर्ट नाचायला लागले. कुणीतरी तलावात टोपी टाकली आणि टोपीमागोमाग स्वतः उडी टाकली. नाचता नाचता एक जण मागे सरकत आला आणि खुर्चीत बसलेल्या आप्पांवर आदळला. त्याच्या हातातला ग्लास आप्पांच्या धुतल्या सदऱ्यावर सांडला.

आप्पा उठले. ते ताडताड जिन्याकडे गेले. मी धावत मागे गेले, तर ते खाली दारापाशी, जिथून आम्ही चढलो होतो तिथल्या खलाशाला सांगत होते, "थांबवा. आमाला उतरायचं हाय." त्या खलाशाला मराठी येत नव्हतं. त्याने नम्रपणे हसून दार दाखवलं. लोखंडी दार बंद होतं, त्याच्यापलीकडे पाणी होतं. आप्पा क्षणभर त्या दाराकडे बघत राहिले. साठीच्या वयात पहिल्यांदाच त्यांना उठून जायला जागा नव्हती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला त्यांची दया आली.

ते परत वर आले. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून तिथूनच त्यांनी हाक मारली. "अगं, चल खाली. खोलीतनं भाईर यायचं न्हाय आता. परवा मुंबई आल्यावरच."

अव्वा कठड्याला धरून उभी होती. तिने मान वळवली. ती निघणार हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं ती निघत आली होती.

"तुमी जावा," अव्वा म्हणाली.

आप्पांना वाटलं गाण्यांच्या आवाजात आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"तुमी जावा खोलीत. काठ दिसायचा बंद झाल्याबिगर मी येत न्हाय."

ती ओरडली नाही, रागावली नाही. भाकरी झाल्यात, ताट घेऊ का, असं विचारायची तशा आवाजात बोलली. बोलून परत पाण्याकडे वळली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना दिसू नये असं मला वाटलं. एवढं मोठं जहाज पाण्यावर तरंगतं याचं मला दुपारी नवल वाटलं होतं. ते या नवलापुढे काहीच नव्हतं.

आप्पा एकटेच खाली गेले.

गारगोटीच्या पंपवाल्याने हे सगळं पाहिलं असावं. तो एक खुर्ची उचलून घेऊन आला. "काकू, बसा की. किती उभं ऱ्हाशीला?" दुसरा हात त्याने पाठीमागे धरला होता.

अव्वा बसली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "पाटीमागं धरून सांडंल बाबा ते. पी आन् जा."

तो असा वरमला की काही विचारू नका. जाऊन त्याने आपल्या लोकांना काय सांगितलं कोण जाणे, दंगा बंद झाला नाही, पण आमच्यापासून दहा पावलं लांब सरकला. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. पण मुंबईचे दिवे मागे लुकलुकत राहिले, आणि ते संपेपर्यंत सगळाच काळोख झाला. काठ नाही म्हणून दिसत नाही की अंधार म्हणून, ते कळेना. "सकाळी बघू," अव्वा म्हणाली. खाली आलो, तर आमच्या बिनखिडकीच्या खोलीत आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. फराळाच्या बशीला त्यांनी हात लावला नव्हता.

पहाटे अव्वाने मला उठवलं. तिची अंघोळ झालेली, कपाळ ओलं, हातात पूजेची पिशवी. आम्ही पावलं न वाजवता वर गेलो.

वर कुणी नव्हतं. खलाशांनी फरशी धुऊन काढली होती. दोन-तीन निळे शर्ट लांबच्या खुर्च्यांवर तोंडावर टोपी घेऊन घोरत होते. उजाडायला लागलं होतं. अव्वा कठड्याशी गेली, बघितलं, आणि मग ती चालायला लागली. कठड्याला धरून डावीकडे, मग मागच्या टोकाला, मग उजवीकडे, मग पुढे जाता येईल तिथपर्यंत. तांदूळ निवडताना ताट फिरवून फिरवून बघायची तसं तिने सगळ्या बाजूंनी पाहिलं. काहीच नव्हतं. डोंगर नाही, दिवा नाही, होडी नाही, पक्षीसुद्धा नाही. पाणी आणि आभाळ कुठे जुळतात तेही नीट कळत नव्हतं. एक मोठं गोल ताट, आणि त्याच्या बरोबर मध्ये आम्ही. कितीही पुढे गेलं तरी बरोबर मध्येच.

मग एका बाजूचं पाणी तांबूस झालं.

"ती कुठली बाजू?" अव्वाने विचारलं.

"पूर्व. आपली बाजू. तिकडे मुंबई, तिकडेच कोल्हापूर."

"तिकडं बी पाणीच?"

"तिकडेही पाणीच."

आणि त्या पाण्यातून सूर्य वर आला. आमच्या मुलखात सूर्य समुद्रात बुडतो. तो समुद्रातून उगवतो हे मी कधी पाहिलेलं नव्हतं, पाहीन असं वाटलंही नव्हतं. थेंबाथेंबाने वर आला, पाण्यापासून सुटला आणि सगळं ताट उजळून निघालं. मला भीती वाटली, खरंच वाटली. मी अव्वाचा पदर धरला. चाळिशीकडे झुकलेली, बँकेत कर्ज मंजूर करणारी बाई मी, आणि आईचा पदर धरून उभी होते. आपलं घर, दुकान, पेठ, बँक, सगळं कुठेतरी आहे यावर विश्वास बसेना. जे दिसत होतं त्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आमच्याबद्दल कसली तक्रार नव्हती, आणि त्याला संपायचंही नव्हतं.

अव्वाने चटई अंथरली. विभूती लावली. गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि बसली. जहाज हलकं झुलत होतं, तिचा तळहात हलत नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आप्पा वर आले. अंघोळ झालेली, सदरा बदललेला, भुवया चढलेल्या. विभूतीची पिशवी अव्वाबरोबर वर आली होती, आणि तिच्याशिवाय त्यांची पूजा अडली होती. "अगं, इभूती कुठं..." त्यांनी सुरुवात केली, ती नेहमीच्याच आवाजात.

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग मागे वळून, आपण आलो त्या बाजूला. त्यांचा हात कठडा शोधायला लागला आणि कठडा सापडल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या पाठीमागे एक निळा शर्ट खुर्चीत घोरत होता, त्याच्या पायाशी रिकामी बाटली आडवी पडली होती. आप्पांना ती दिसली. मी पाहिलं, त्यांनी तिच्याकडे बघितलं. आणि नजर परत पाण्याकडे गेली, जणू त्या बाटलीत रागावण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते खाली बसले, अव्वाच्या शेजारी, चटईच्या कोपऱ्यावर. तिने न बघता विभूतीची गोळी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी लिंग हातात घेतलं. मी त्यांच्या मागे उभी राहिले. दोन पाठी, दोन तळहात, आणि पलीकडे काहीच नाही.

पूजा संपली. अव्वाने तीर्थ घेतलं, लिंग कपाळाला लावून डबीत ठेवलं. तिचे गाल ओले होते. ती आप्पांकडे वळली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "झालं माझं. आता तुमी म्हणशीला तिकडं येतो. चला खोलीत."

ती उठायलाही लागली. आप्पांनी तिच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं. माझ्यासमोर त्यांनी तिला हात लावलेला मी आजवर पाहिलेला नव्हता.

"मी काय म्हणतोय आता," आप्पा म्हणाले. "मी नुस्ता उठतच आलो जलमभर. आन् तू बिनबोलता माझ्या मागनं. आता तू सांग. कुठं जायचं ते तू सांग."

अव्वाने कधी असा प्रश्न ऐकलेला नसावा. घोरणारा निळा शर्ट कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. खालून चहाच्या कपांचा आवाज आला.

"कुठं न्हाय," ती म्हणाली. "बसू की हितंच."

आणि आप्पा बसून राहिले.